आबांच्या आवाजातला जोड

सातपूर,
दि. १५ जून २०२५

ती. छायाकाकूस,
वेदिकाचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकली असशील, आणि तेही घरी न येता तू काम करतेस त्या कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात. कारण सांगते. तुझा फोन संध्याकाळी आजीकडे भजनांसाठी असतो, आणि बाबा रविवारी गावाला आले की त्यातले मेसेज चाळतात, हे आता आपल्या दोघींनाही माहीत आहे. फोनवर बोलावं तर आमच्या दोन खोल्यांत कोणाला काय ऐकू येत नाही? म्हणून शाळेत शिकवलेलं आठवून लिहायला बसले. मायना चुकला असेल तर हसून सोडून दे.

कॉलेजात या वर्षी प्रत्येकाला एक गोष्ट करायची आहे, नुसती कानांनी ऐकायची. मी आबांची करतेय. मागच्या दिवाळीत मी त्यांच्या मागे मशीन घेऊन फिरत होते, ते सगळं रेकॉर्डिंग परत ऐकायला काढलं. आमचे सर सांगतात, बोलणं रेकॉर्ड करून झालं की त्या खोलीचा रिकामा आवाजही घ्यायचा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि दोन तुकडे जोडताना ती मध्ये भरावी लागते. म्हणून भाऊबीजेच्या दुपारी आबा झोपले असताना मी मशीन कोनाड्यात चालू ठेवून मळ्यात गेले होते. तू त्या दिवशी माहेरी होतीस. तो रिकामा आवाज मी आजवर पूर्ण ऐकलाच नव्हता. परवा ऐकला. तो रिकामा नाही, काकू. आबा जागे झालेत आणि बोलतायत.

ते म्हणतात, "छायाचं वय काय हाय? रवी गेला, त्याच्यासंगं तिला कशाला पुरायची? तो कोल्ड स्टोरेजवाला मनोज चांगला माणूस हाय. मी चौकशी केलीय. आपली लेक द्यावी तशी तिला द्यायची. मी हाय तवर उरकायचं हे."

चैत्रात मनोजकाकांचं मागणं आलं तेव्हा बाबांनी एकाच वाक्यात मोडता घातला होता, की आबांना हे कधीच पटलं नसतं. आजी मान खाली घालून बसली होती. आबा जाऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते, कोण काय बोलणार? आता आबाच बोलतायत. मेमरी कार्ड कापसात गुंडाळून पाकिटात घातलंय. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ऐक, दार लावून.

मोठ्यांनी धाकट्यांवर माया करायची असते, ती कमी पडू देऊ नकोस.

तुझी,
वेदिका


पिंपळगाव बसवंत,
दि. २४ जून २०२५

चि. वेदिका हिस,
छायाकाकूचे अ. आ.

कार्ड मिळालं. बेदाण्याच्या गाड्या लागल्या होत्या, त्यामुळे ऐकायला दुपार उलटली. दार लावलं, आवाज बारीक ठेवला, आणि आबांनी माझं नाव घेतलं तसा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडे गेला. किती वेळा ऐकलं ते सांगत नाही.

पण वेदे, रागावू नकोस. मला तुला काही विचारायचंय. चंपाषष्ठीला भरीत-भाकरीनंतर गच्चीवर तू आम्हाला आबांची विहिरीची गोष्ट ऐकवलीस. आबा स्वतः हसून लोळत होते, की अशी सलग गोष्ट मी आयुष्यात सांगितली नाही. तेव्हा तूच कौतुकाने सांगितलंस की 'पाणी' एका दिवसाचं आहे, 'लागलं' दुसऱ्या दिवसाचं, आणि जोड कुठे आहे ते कोणी ओळखून दाखवावं. कोणालाच ओळखता आलं नाही. आता मला तेच सारखं आठवतं.

तुझा माझ्यावर जीव आहे. माणूस जिवापोटी काय काय करतं. मी आबांच्या हाताखाली त्या घरात अकरा वर्षं काढली, त्यातली सहा रवी गेल्यानंतरची. त्यांनी या बाबतीत मला अवाक्षर सांगितलं नाही. मग त्या दुपारी ते कोणाला सांगत होते? झोपेतून उठून भिंतीशी कोणी असं बोलत नाही. समोर कोणीतरी बसलेलं आहे. ते कोण, याबद्दल तुझ्या पत्रात एक ओळही नाही, आणि तू तर चपलेचा आवाज ऐकून माणूस ओळखणारी पोर.

खरं काय ते मला एकटीला लिही. तोवर हे कोणाच्या कानावर जाऊ देऊ नकोस. अभ्यास कर, वेळेवर जेव. माझी माया आहे तिथेच आहे, फक्त आज जरा घाबरलेली आहे.

तुझी काकू,
छाया


सातपूर,
दि. २ जुलै २०२५

ती. काकूस,
वेदिकाचा न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रडले, हे लिहू नये पण लिहिते. आबांची शपथ, मी त्यात काही जोडलेलं नाही. एक शब्दही नाही. समोर कोण होतं ते मात्र मला विचारू नकोस.

आणि कोणाच्या कानावर जाऊ देऊ नकोस असं तू लिहिलंस, पण ते पत्र माझ्या हाती येईपर्यंत जायचं ते गेलं होतं. आईचा भाऊ, आमचा धनराजमामा, लग्नात स्पीकर लावतो ते तुला माहीत आहेच. त्याने नवा स्पीकर घेतला. तो दाखवायला रविवारी घरी आला आणि मी आंघोळीला गेले असताना त्याने तो माझ्या लॅपटॉपला लावला. समोर जी फाईल दिसली ती वाजवली. मी बाहेर आले तर घरभर आबांचा आवाज आणि बाबा कपबशी हातात धरून उभे.

बाबांनी ते परत लावायला सांगितलं. मग मामा म्हणाला की यात जोड आहे. त्या खोलीतला पंखा दर फेऱ्याला टक् करतो. 'लेक द्यावी तशी तिला द्यायची' आणि 'मी हाय तवर' यांच्यामध्ये ते टक् एकदम दोनदा येतं. मामाचा कान पक्का आहे. मला नाही म्हणता आलं नाही, आणि मी गप्प बसले हाच पुरावा ठरला.

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं की हे तुला छायाने करायला सांगितलं, की त्या मनोजने, की तुमचं तिघांचं आधीपासून ठरलेलं आहे. मग लॅपटॉप कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली आणि म्हणाले, मेलेल्या आजोबांच्या तोंडी शब्द घालायचं शिक्षण घ्यायची गरज नाही, पुढच्या महिन्यापासून कॉलेज बंद. आई जेवताना माझ्याकडे अशी बघते, जशी मी तिच्या पोटची नव्हेच. मूळ रेकॉर्डिंगचं कार्ड माझ्या मैत्रिणीकडे, स्नेहलकडे आहे. ते मी कोणाला देणार नाही.

तू तरी माझ्यावर विश्वास ठेव. बाकी काही मागत नाही.

तुझी,
वेदिका


सातपूर,
दि. ५ जुलै २०२५

श्रीमती छाया हिस,
सोमनाथचा आशीर्वाद. वि. वि.

फोनवर बोलता आलं असतं, पण आवाजाचा भरवसा आता मला उरलेला नाही. लिहिलेलं असलेलं बरं.

वेदिकाने जे काही बनवलं आहे ते तुमच्यापर्यंत आधीच पोचलं आहे, असा माझा समज आहे. आबा दोन महिने अंथरुणाला होते, शेवटी दवाखान्यात होते. मी रोज त्यांच्या उशाशी बसलो. असं काही मनात असतं तर ते थोरल्या मुलाला बोलले नसते का? पोर म्हणते की काही जोडलं नाही. मग पूर्ण रेकॉर्डिंग द्यायला काय हरकत आहे? ज्याला लपवायचं नसतं तो माणूस हात उघडा ठेवतो.

रविवारी, १३ तारखेला, मी धनराजला घेऊन येत आहे. आईसमोर ते वाजवू, आणि तुम्ही आईसमोरच सांगायचं की या पोरीला कोणी भरीला घातलं. तोवर आईला काही कळता कामा नये. तिची तब्येत तुम्ही जाणता.

घरची सून म्हणून तुमचा मान मी कधी कमी केला नाही. तो तुम्हीही राखावा, इतकंच मागणं.

सोमनाथ


पिंपळगाव बसवंत,
दि. ९ जुलै २०२५

चि. वेदिका हिस,
अ. आ.

तुझ्या बाबांचं पत्र आलं. ते ब्लाउजमध्ये ठेवून हिंडतेय, कारण घरात ठेवायला जागा नाही.

इथे आता सगळे सगळ्यांकडे तिरपं बघायला लागलेत. आजी विचारते की सोमनाथ रविवारी येतो तो कधी कळवून येत नाही, आताच का कळवलं? मी काहीतरी सांगते आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहते. काल तिच्या डोळ्यांत औषध घालताना तिने माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. मला वाटलं, हिला सगळं कळलंय. मग वाटलं, माझ्याच मनात चोर आहे.

मनोजना मी ते ऐकवलं. ऐकवायला नको होतं. सटाण्याकडचे आहेत, मनाला लागलं की अहिराणीत शिरतात. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हाई खरं शे का?" मी म्हटलं, पोर शपथ घेते. ते म्हणाले की आवाज बनवलेला असेल तर त्याच्या जोरावर मला हे लग्न करायचं नाही. आबा मला रोज गेटवर रामराम घालायचे, त्या माणसाच्या नावावर खोटं घेऊन मी संसार मांडणार नाही. बोलले आणि कॉम्प्रेसरच्या खोलीत निघून गेले. दोन दिवस समोर आले तरी नुसती मान हलवतात.

आता तुझ्याबद्दल. मी तुझं पत्र परत परत वाचलं. तू लिहितेस, 'मी काही जोडलं नाही.' काढलं का, ते लिहीत नाहीस. मी कारकुनी करते पोरी, मला नुसतं नोंदलेलं दिसत नाही, गाळलेलंही दिसतं. तू कोणाला तरी वाचवतेस. आणि त्या दुपारी घरात होतं कोण? तुझी आई भावाकडे गेली होती. मी माहेरी होते. राहता राहिले भाऊजी. आबांनी त्यांनाच सांगितलं असणार. म्हणून ते इतके खवळलेत. बापाचं ऐकलं, पोटात ठेवलं आणि आता पोरीला खोटी पाडतायत. तू लेक आहेस, तुझ्याने बापाला उघडं पाडवत नाही, ते मी समजू शकते. पण माझ्या जिवाचा प्रश्न आहे. रविवारी मी हे सगळ्यांसमोर बोलणार.

जमलं तर माझ्यावर रागावू नकोस, नाही जमलं तर नंतर कधीतरी रुसवा सोड.

तुझी,
छायाकाकू


सातपूर,
दि. ११ जुलै २०२५

ती. काकूस,
न. वि. वि.

पोस्टाने पोचणार नाही म्हणून हे पत्र पिंपळगावला जाणाऱ्या टेम्पोवाल्यांच्या हाती देतेय. कृपा करून बाबांवर काही बोलू नकोस. ते नव्हते. ते त्या दुपारी गल्लीत पत्ते खेळत होते, त्यांचं हसणं मागे ऐकू येतं. आबांनी त्यांना खरंच काही सांगितलेलं नाही, आणि त्यांना वाटतं ते त्यांच्या जागी बरोबरच आहे.

तू ओळखलंस. मी काढलंय. समोरचं माणूस जे बोललं ते काढलं आणि त्या जागी खोलीची शांतता भरली. ते माणूस घाईत, भीतीने बोललंय. कोनाड्यात मशीन चालू आहे हे त्याला माहीत नव्हतं. ज्याला माहीत नाही त्याचं बोलणं मी चारचौघांत कशी वाजवू? आबांचं ठेवलं, कारण ते तुझ्या कामाचं होतं. आबा असते तर त्यांनी ते स्वतःच सांगितलं असतं. दुसऱ्याचं ठेवण्याचा मला हक्क नाही.

कॉलेज सुटलं तर सुटलं. मला खोटारडी म्हणाले तर म्हणू देत. पण काकू, मनोजकाकांना एवढं सांग की आबांचा शब्द न शब्द त्यांचाच आहे.

तू मला पूर्वीसारखी 'वेदे' म्हणत राहा.

तुझी,
वेदिका


पिंपळगाव बसवंत,
दि. १४ जुलै २०२५

चि. वेदे,
अ. आ., आणि या वेळी ते मनापासून आहेत हे समज.

काल तुला गावाला आणलं नाही, म्हणून सगळं बयाजवार लिहिते. तुझं पत्र शनिवारी हाती पडलं, त्यामुळे मी भाऊजींबद्दल तोंड उघडलं नाही. पण मग कोण, या विचाराने रात्रभर डोळा लागला नाही. आणि खरं सांगते, पहाटेपर्यंत उत्तर समोर असूनही मी त्याकडे बघत नव्हते.

भाऊजी आणि धनराज दहाच्या सुमाराला आले. आजी पुढच्या खोलीत मेथी निवडत बसली होती. भाऊजींनी तिला सांगितलं की वेदिकाने आबांच्या आवाजात काहीतरी बनवलंय, ते तू ऐक आणि मग छायाला काय विचारायचं ते विचारू. धनराजने स्पीकर लावला. आबा बोलायला लागले तशी आजीच्या हातातली जुडी तशीच राहिली. आबा गेल्यापासून तिने त्यांचा आवाज ऐकला नव्हता, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

संपल्यावर धनराज पंख्याचं समजावून सांगायला लागला. आजीने त्याला थांबवलं आणि परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. भाऊजी म्हणाले, आई, हे खोटं आहे, तू त्रास करून घेऊ नकोस. तेव्हा आजी शांतपणे म्हणाली, "खोटं नाय. हितं मी बोलले व्हते. पोरीनं माझं काढलंय."

ती खाली बघूनच सांगत गेली. त्या दुपारी आबांनी हा विषय काढला तेव्हा ती भडकली होती. म्हणाली होती की छाया गेली तर माझं कोण बघणार, सोमनाथच्या दोन खोल्यांत मला जागा नाही, माझ्या डोळ्यांत औषध कोण घालणार, नाही द्यायची तिला. पुढे आबांना बोलताही येईना, आणि ते गेल्यावर ती गप्प राहिली. चैत्रात भाऊजी म्हणाले की आबांना पटलं नसतं, तेव्हाही तिने मान खाली घातली. तिला वाटलं, सांगणारं आता कोणी उरलं नाही.

भाऊजी तिच्याजवळ जाऊन बसले. ते म्हणाले, आई, तुझी तब्येत बरी नाही, हे राहू दे, पोर चुकली एवढंच धरून चालू. त्यावर आजीने पहिल्यांदा वर पाहिलं. "माझ्यासाठी मेल्या मानसाला खोटं पाडू नको, सोमा," ती म्हणाली. "अन् त्या पोरीला तर नायच नाय. तिनं मला झाकलं."

भाऊजी उठून ओट्यावर गेले. धनराज वायर गुंडाळत बसला, गुंडाळून झाल्यावर परत सोडून पुन्हा गुंडाळली. मला आजीचा राग यायला हवा होता. आला, लय आला. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. अकरा वर्षं जिला आई म्हटलं तिने मला डोळ्यांच्या औषधासाठी ठेवून घेतलं, असं वाटलं. मग वाटलं, सत्तरी उलटलेली बाई, एकटं पडायच्या भीतीने बोलली, आणि आज लेकासमोर स्वतःहून बोलली. दोन्ही खरं आहे. अजून माझं मन दोन्हीकडे आहे.

दिवसभर आम्ही एकमेकींशी बोललो नाही. संध्याकाळी औषधाच्या वेळी ती स्वतःच बाटली घेऊन आली, आणि मला सांगितलं की तुला चार ओळी लिही, मी सांगते तशा. त्या खाली लिहिते. माझा एकही शब्द त्यात जोडलेला नाही.

'वेदिका, मी तवा रागानं उठून बाहेर गेले. ते मागून मला काहीतरी म्हनले. मी थांबले नाय, मला ऐकू आलं नाय. तुझ्या मशीनला आलं आसन. माझं बोलनं काढलं तवा तेबी निघालं आसन. ते माझं हाय. ते मला धाडून दे.'

खरंच आहे का गं तसं काही? मला सांगू नकोस. तिलाच दे.

तुझं ऋण शब्दांत मावत नाही, म्हणून फक्त माया पाठवते.

तुझी काकू,
छाया


सातपूर,
दि. १७ जुलै २०२५

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

आहे. आजी दारापर्यंत गेल्यावरचं आहे. ते मी कधीच पुसलं नव्हतं.

बाबा रविवारी घरी आले ते न जेवता झोपले. सोमवारी कामावर जायच्या आधी लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला आणि कॉलेजच्या फीची तारीख विचारली. माफी वगैरे काही नाही. तुला माहीत आहेत ते. काल रात्री मात्र म्हणाले की आजीचं जे काय आहे ते तयार ठेव, मी रविवारी घेऊन जातो. मी स्नेहलकडून कार्ड आणून दिलं, सोबत माझं मशीन दिलं आणि म्हटलं, बाबा, हे तुम्ही ऐकू नका, हे फक्त आजीचं आहे. त्यांनी कार्ड खिशात ठेवलं आणि वरून बटण लावलं.

मी वाट बघतेय. उत्तराला उशीर करू नकोस.

तुझी,
वेदे


पिंपळगाव बसवंत,
दि. २१ जुलै २०२५

चि. वेदे,
अ. आ.

तुझे बाबा काल आले. आजीला तुझ्या मशीनचं कुठलं बटण दाबायचं ते त्यांनी दोनदा दाखवलं आणि मग आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. स्वतःही बाहेर आले. दार तिने आतून लावून घेतलं. आम्ही ओट्यावर बसलो. भाऊजी आणि मी शेजारी शेजारी बसलो, असे या घरात कधी बसलो नव्हतो. मग ते म्हणाले की मी रोज उशाशी बसायचो, पण त्यांना काही विचारलं मात्र कधी नाही. मी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

आतून काही ऐकू आलं नाही. आलं असतं तरी मी तुला लिहिलं नसतं. ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण चेहरा बरा होता. चहा ठेव म्हणाली. चहा झाल्यावर भाऊजींना म्हणाली की कोल्ड स्टोरेजवर जा आणि मनोजला बोलावून आण. भाऊजी गेले. दोघं एकाच मोटारसायकलवर आले. मनोज दारातच उभे राहिले, तर आजीनेच आत बोलावलं आणि विचारलं की तुमचं घर इथून किती लांब. बाजार समितीच्या मागे, चालत येण्यासारखं, असं ते म्हणाले. तिने नुसतं 'हं' केलं. मी म्हटलं, औषधाला मी दोन्ही वेळा येत जाईन. तर म्हणाली, बघू, मी आरशात बघून घालायला शिकतेय.

तिच्या मनातलं अजून सगळं निवळलेलं नाही, माझ्याही नाही. पण आता जे आहे ते समोर आहे. कोणाच्या तोंडाकडे बघून मागचं काय असेल, असं शोधावं लागत नाही. इतक्या दिवसांनी मी काल झोपले.

तुझी गोष्ट पूर्ण कर. त्यात कोणाचं बोलणं ठेवायचं आणि कोणाचं काढायचं, ते तुझं तू ठरव. तुझ्या काकूची माया घर बदललं तरी बदलणार नाही, तुझीही बदलू देऊ नकोस.

तुझी,
छायाकाकू

ता. क. : पाकीट चिकटवत होते तेवढ्यात आजी जवळ येऊन बसली. नोंदणीच्या तारखेचं विचारत होती. मी म्हटलं, तुम्ही सांगाल तो दिवस. ती म्हणाली, "सोमवार सोडून कोनताबी वार धर. सोमवारी मला उपास आसतो, अन् ह्या लग्नात मला जेवायचं हाय."